अधिक अकरा

बिल्ला बुधवारी आला.
षटकोनी, निळा, कडेला गिअरचे बारीक दात,
मध्ये नाव: तन्मयी खांबेटे,
आणि खाली 'रोबोट नियंत्रण, स्तर दोन'.
छातीवर लावता न येणारा बिल्ला.
मी तरी तो कामावरच्या प्रिंटरवर छापला,
निळी शाई संपत आलेली, जांभळा निघाला.
फ्रिजवर लावला, पिझ्झाच्या कुपनाशेजारी.

फोर्ट वेनचा फेब्रुवारी:
मिठाने पांढरे पडलेले रस्ते,
पार्किंगच्या कोपऱ्यात काळवंडलेल्या बर्फाचा ढीग.
शाळेच्या सुतारशाळेत साडेसहापर्यंत हीटरची घरघर.
मी भुशाच्या वासात स्टुलावर बसून असतो,
कुणी विचारलं तर म्हणतो, मी ड्रायव्हर.

तीन आठवडे तो हात कमी पडत होता.
चेंडू उचलायचा, वर न्यायचा
आणि टोपलीच्या काठाखाली थबकायचा,
अजून एक पोळी हवी आहे
पण मागायला लाजणाऱ्या पाहुण्यासारखा.
अकरा अंश. रोज तेवढेच.
तन्मयीने आकडे वाढवले, हात थरथरला.
कमी केले, पेंगला.
शेवटी एका रात्री, एका ओळीच्या टोकाला,
तिने लिहिलं: अधिक अकरा.
हात नेमका पोचला.
दहापैकी दहा वेळा.
व्हिडिओ गेला, नोंदी गेल्या,
तपासणाऱ्याने शेरा दिला: 'विचारपूर्वक'.

शनिवारी मार्लन आला. त्याला बिल्ले नकोत,
तो काकाच्या गॅरेजमधून येतो, चिप्स खातो, जातो.
त्याने हात धरून नुसता हलवला.
म्हणाला, हे सैल आहे.
आसाचा स्क्रू. अर्धा आटा.
ॲलन कीने पिळला, बोटं पँटला पुसली,
आणि पुन्हा चिप्सकडे वळला.

हात वर गेला. जिथे थांबायचं तिथून
अकरा अंश पुढे गेला
आणि आडव्या पाइपावर
धाडकन.

मिस्टर ऑस्ट्रँडरनी चष्मा कपाळावर चढवला.
बाकी कुणी काही केलं नाही.

गाडीत मी म्हणालो, अगं, आपलं पंचांगही हेच करतं.
चंद्र वर्षाला अकरा दिवस कमी पडतो,
म्हणून तिसऱ्या वर्षी अख्खा महिना घुसवतात,
वर जावयाला अनरसे खाऊ घालतात.
अकराच, बघ!
मला स्वतःचंच कौतुक वाटलं.
ती काचेवरच्या वाफेत काहीतरी गिरवत होती.
म्हणाली, पंचांगाला माहीत असतं, बाबा,
का कमी पडतंय ते.
मला नव्हतं.

घरी तिने परत करायचं बटण शोधलं.
शेअर करा होतं, डाउनलोड करा होतं,
अभिनंदन होतं, दोनदा.
परत करा कुठेच नव्हतं.
मग फ्रिजवरच्या जांभळ्या कागदावर
बॉलपेनने लिहिलं, बारीक, नावाच्या खाली:
स्क्रू सैल होता.
आणि तो तिथेच राहू दिला.

सोमवारी तिने अकरा खोडले.
सगळे आकडे पहिल्यापासून.
पाच वाजता दहापैकी चार,
सहा वाजता सहा,
निघताना सात.
सात, ती म्हणाली, मार्लनलाही ऐकू जाईल इतक्या जोरात.
त्याने मान न वळवता अंगठा दाखवला.

परतताना गाडीच्या खालून ती खडखड,
उजव्या वळणावर, नेहमीची.
दोन वर्षं झाली, मी वळण आलं की
रेडिओ थोडा मोठा करतो.
आजही हात आपोआप गेला.
तिने माझ्याकडे पाहिलं,
हात पुढे केला
आणि रेडिओ बंद केला.